ग्लोव्ह्ज ठेवायचे की उतरवायचे? संगकारा, गिलख्रिस्ट आणि फ्लॉवर

सोळा-सतराव्या वर्षी चांगल्या कीपर-फलंदाजापुढे हा प्रश्न येतोच. धावा व्हायला लागलेल्या असतात. प्रशिक्षक म्हणतात, "तू वर खेळ, कीपिंग दुसऱ्याकडे देऊ." घरचे म्हणतात, दोन्ही येतंय तर एक कशाला सोडायचं? दोघांपैकी कोणाचं ऐकायचं हे ठरवण्याआधी तीन कारकिर्दी शेजारी ठेवून बघाव्यात. श्रीलंकेच्या कुमार संगकाराने कसोटीत ग्लोव्ह्ज उतरवले, म्हणजे कीपिंग सोडलं, ऑस्ट्रेलियाच्या अ‍ॅडम गिलख्रिस्टने कधीच नाही आणि झिम्बाब्वेच्या अँडी फ्लॉवरला उतरवायची गरजच पडली नाही. तिघेही डावखुरे फलंदाज, पण तो निव्वळ योगायोग.

संगकाराचे आकडे बघून कोणीही म्हणेल, सोडा कीपिंग. कीपर म्हणून ४८ कसोटी, सरासरी ४०.४८, शतकं ७. निव्वळ फलंदाज म्हणून ८६ कसोटी, सरासरी ६६.७८, शतकं ३१. तब्बल सव्वीस धावांचा फरक! २००६ मध्ये प्रसन्न जयवर्धनेकडे ग्लोव्ह्ज गेले आणि त्याच मोसमात कोलंबोत दक्षिण आफ्रिकेविरुद्ध याने २८७ काढल्या, महेला जयवर्धनेबरोबर ६२४ धावांची भागीदारी केली.

पण हा फरक सगळाच्या सगळा ग्लोव्ह्जच्या खात्यावर टाकू नका. कीपिंगची वर्षं ही त्याच्या कारकिर्दीची पहिली वर्षं होती. बाविसाव्या वर्षी कसोटीत आलेला मुलगा तिशीत अधिक चांगला खेळतो, हे ग्लोव्ह्ज न घालणाऱ्यांच्या बाबतीतही खरं आहे. शिवाय कीपर असताना त्याने लाहोरला पाकिस्तानविरुद्ध २३० केल्याच होत्या. तेव्हा सव्वीसपैकी काही धावा वयाच्या, काही अनुभवाच्या. उरतात त्या कीपिंगच्या, आणि त्याही थोड्या नाहीत, कारण संगकारा तिसऱ्या क्रमांकावर खेळायचा.

तिसरा क्रमांक आणि कीपिंग हे जोडकाम नेमकं कसं असतं ते जरा जवळून बघू. समोरच्या संघाने १२० षटकं फलंदाजी केली तर कीपर ७२० वेळा खाली बसतो आणि उठतो, नो-बॉल आणि वाइड वेगळे. मांड्यांची तयारी करून घेता येते, त्याचं फारसं काही नाही. थकतात ते डोळे आणि डोकं. स्लिपमधला माणूस दोन चेंडूंच्या मध्ये गप्पा मारून घेतो. कीपरला प्रत्येक चेंडू आपल्याकडेच येणार असं धरून राहावं लागतं. फिरकीपटूला स्टंपजवळ उभा असेल तर फलंदाजाच्या अंगाआड गेलेला चेंडूही. डाव संपला की मध्ये दहा मिनिटं. त्यात घामाने भिजलेले इनर (ग्लोव्ह्जच्या आतले मोजे) सोलून काढायचे, बोटांची टेप कापायची, कीपिंगचे पॅड टाकून बॅटिंगचे बांधायचे. सलामीवीर पहिल्याच षटकात गेला की हा नव्या चेंडूसमोर उभा.

गिलख्रिस्टला या दहा मिनिटांची चिंता नव्हती. कसोटीत तो बहुतेक वेळा सातवा यायचा. पुढे हेडन, लँगर, पाँटिंग. अंघोळ, जेवण, थोडी झोप, सगळं होऊन मैदानात उतरायचा तेव्हा चेंडू जुना आणि गोलंदाज दमलेले. ९६ कसोटी, ५,५७० धावा, सरासरी ४७.६०, १७ शतकं, स्ट्राइक रेट ८२ च्या जवळ आणि यष्टीमागे ४१६ बळी. त्याला कीपिंग सोडायला लावणारा प्रशिक्षक वेड्यात निघाला असता. मात्र हीच सरासरी त्याने तिसऱ्या क्रमांकावर राखली असती का? मला शंका आहे.

गिलख्रिस्टने किंमत मोजली ती वेगळ्या ठिकाणी. संघात फलंदाजांच्या पाच-सहा जागा असतात, कीपरची एकच. त्या जागेवर इयन हीली बसलेला होता, ११९ कसोटी खेळला. राज्याच्या संघात नियमित कीपिंग मिळावं म्हणून गिलख्रिस्टने न्यू साउथ वेल्स सोडून वेस्टर्न ऑस्ट्रेलिया गाठलं, आणि तरीही कसोटी पदार्पण व्हायला १९९९ चा नोव्हेंबर उजाडला. अठ्ठाविसावा वाढदिवस नऊ दिवसांवर होता! आपल्याकडचा पार्थिव पटेल बघा. २००२ मध्ये सतराव्या वर्षी कसोटीत कीपिंग केलं, शेवटची कसोटी २०१८ मध्ये, आणि एकूण कसोटी फक्त २५. मधली बरीच वर्षं दारात धोनी उभा होता.

ग्लोव्ह्जची आणखी एक अडचण म्हणजे त्यांतली चूक लपत नाही. जानेवारी २००८ मध्ये अ‍ॅडलेडला गिलख्रिस्टच्या हातून लक्ष्मणचा झेल सुटला आणि तो सामना संपायच्या आत त्याने निवृत्ती जाहीर केली. फलंदाजाचा फॉर्म जातो तेव्हा निदान चार डाव वाट बघतात.

अँडी फ्लॉवरचं उदाहरण प्रशिक्षक सहसा देत नाहीत, कारण ते कुठल्याच नियमात बसत नाही. झिम्बाब्वेचा सर्वांत भरवशाचा फलंदाज तोच आणि कीपरही तोच. कीपर म्हणून ५५ कसोटींत सरासरी ५३ च्या वर. २००० मध्ये नागपूरला भारताविरुद्ध नाबाद २३२. पण मला त्याचा २००१ चा हरारेचा सामना जास्त बोलका वाटतो. दक्षिण आफ्रिकेने ३ बाद ६०० वर डाव सोडला, म्हणजे तेवढा वेळ हा यष्टीमागे उठबस करत होता. मग त्याने १४२ केल्या. फॉलोऑन मिळाल्यावर नाबाद १९९. समोरचा शेवटचा गडी गेला आणि द्विशतक एका धावेने राहिलं. सामना हरलेच. कसोटीच्या दोन्ही डावांत शतकं करणारा दुसरा कीपर मिळायला २०२५ उजाडावं लागलं: लीड्सवर ऋषभ पंत, १३४ आणि ११८. पंत आणि फ्लॉवर दोघेही पाचव्या क्रमांकाच्या आसपासचे, ही गोष्ट मी मुद्दाम सांगतोय.

कारण माझ्या मते निर्णय सरासरीवर नको, फलंदाजीच्या क्रमांकावर घ्यावा. तीन-चार दिवसांच्या सामन्यांत पहिल्या तिनात खेळायचं असेल, आणि त्या जागेसाठी लागणारं तंत्र खरंच अंगात असेल, तर ग्लोव्ह्ज उतरवा. पाच ते सातमध्ये खेळत असाल तर अजिबात उतरवू नका; तिथे कीपिंग येत असल्यामुळेच तुमची निवड होईल. अ‍ॅलेक स्ट्युअर्टने दोन्ही करून पाहिलं. कीपर असताना सरासरी ३४.९२, नसताना ४६.७०, तरी इंग्लंडने त्याला १३३ पैकी ८२ कसोटींत ग्लोव्ह्ज घालायला लावले, कारण संघाचा समतोल त्याने साधायचा. (धावा ८,४६३, जन्मतारीख ८-४-६३. असले योगायोग क्रिकेटवाल्यांनाच दिसतात.)

पन्नास आणि वीस षटकांसाठी हा प्रश्न जवळपास निकालात निघतो. ठेवा. तीनशे उठाबशांनंतर सलामीला जाता येतं. उलट क्रमानेही जमतं: २०२२ च्या महिला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाच्या अलिसा हीलीने सलामीला येऊन १७० काढल्या आणि मग इंग्लंडच्या पूर्ण डावात कीपिंग केलं. खुद्द संगकाराने एकदिवसीय सामन्यांत ग्लोव्ह्ज सोडले नाहीत. ४८२ बळींचा विक्रम त्याचाच, आणि २०१५ च्या विश्वचषकातली लागोपाठची चार शतकं कीपर म्हणूनच. द्रविडला २००३ च्या विश्वचषकात कीपिंग करायला लावलं तेही एक जादा फलंदाज बसावा म्हणून. धोनीने तिसरीच वाट काढली. २०१४ मध्ये कसोटी सोडल्या आणि ग्लोव्ह्ज घालून २०१९ पर्यंत एकदिवसीय खेळत राहिला.

दुखापतीचा हिशोब ज्याचा त्याने करायचा. बोटं तर जातातच. न्यूझीलंडच्या ब्रेंडन मॅक्युलमने शरीर कुरकुरू लागल्यावर २०१० मध्ये कसोटीतलं कीपिंग थांबवलं आणि २०१४ मध्ये वेलिंग्टनला भारताविरुद्ध ३०२ केल्या. दक्षिण आफ्रिकेचा कीपर मार्क बाउचरला २०१२ मध्ये टाँटनला उडालेली बेल डोळ्यात लागली आणि कारकीर्दच संपली. हेल्मेट न घालता फिरकीपटूला पुढे उभं राहणार असाल तर वरचं काहीही वाचू नका, आधी हेल्मेट घ्या.

आणि अजूनही ठरत नसेल तर एका मोसमापुरती वही करा, दोन रकान्यांची. एकात पहिली फलंदाजी करताना केलेल्या धावा, दुसऱ्यात दिवसभर कीपिंग करून मग केलेल्या. धावांशेजारी किती चेंडू खेळलात आणि कसे बाद झालात तेही लिहा. दुसऱ्या रकान्यात पहिल्या वीस चेंडूंत पायचीत आणि त्रिफळाचीत सारखं दिसायला लागलं, तर ती वही घेऊन प्रशिक्षकांकडे जा.