थंडरबर्डमधले मराठी नावांचे फोल्डर नव्या कॉम्प्युटरवर नेताना: पाच महिन्यांनंतरचा अनुभव

मार्चमध्ये आमच्या सोसायटीच्या डीम्ड कन्व्हेयन्सच्या (बिल्डरने न दिलेली जमिनीची मालकी सोसायटीच्या नावावर करून घेण्याच्या) कामासाठी वकिलांनी बिल्डरची २०१२ सालची एक मेल मागितली. भोगवटा प्रमाणपत्राची स्कॅन प्रत तिला जोडलेली होती. तेव्हा सेक्रेटरी मीच होतो, मेल माझ्याच पत्त्यावर आली होती आणि ‘सोसायटी बिल्डर’ नावाच्या फोल्डरात मी ती हाताने टाकली होती. नव्या कॉम्प्युटरवर थंडरबर्ड, म्हणजे मी मेलसाठी वापरतो तो प्रोग्राम, उघडलं, लोकल फोल्डर्ससमोरचा (कॉम्प्युटरवरच साठवलेल्या फोल्डरांसमोरचा) बाण दाबला, तर त्या नावाचा फोल्डरच नाही. ‘सी७ई१बी०४एफ’, ‘४०डी९ए२६६’ अशी आठ-आठ अक्षरांची रांग खालपर्यंत गेलेली. मोजले, एकतीस होते. ‘ताईची पत्रं’, ‘आईचं आजारपण’, ‘पीएफ’, ‘गावची जमीन’, सगळ्यांची नावं पुसली गेली होती. पत्रं आत शाबूत, पण दारावरच्या पाट्या काढून नेलेल्या. एकेक फोल्डर उघडत गेलो तेव्हा सातव्यात बिल्डरची मेल सापडली. त्या रात्री मला झोप लागली नाही.

‘सगळं वेबवर का ठेवत नाही’ असं मला बरेच जण विचारतात. माझा पत्ता २००९ पासूनचा, इंटरनेट देणाऱ्या स्थानिक कंपनीचा. मेलबॉक्स टिचभर, म्हणून पहिल्यापासून मेल उतरवायची ‘पॉप’ ही पद्धत लावलेली. मेल कॉम्प्युटरवर उतरली की सर्व्हरवरची प्रत जाते. म्हणजे माझी चौदा-पंधरा वर्षं फक्त माझ्या हार्ड डिस्कवर आहेत, दुसरीकडे कुठेही नाहीत.

जुना डेस्कटॉप विंडोज ७ चा. थंडरबर्डची ११५ ही त्या विंडोजवर चालणारी शेवटची आवृत्ती, त्यापुढे अपडेट बंद. फेब्रुवारीत एसएमपीएस (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा) दुसऱ्यांदा गेला तेव्हा नवीन मशीन घेतलं. दुकानदाराने ‘डेटा ट्रान्स्फर’चे बाराशे रुपये वेगळे लावले आणि डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, फोटो एवढंच उचललं. मेल कुठे आहे विचारल्यावर म्हणाला, ‘काका, मेल ऑनलाइनच असते, लॉगिन केलं की येईल.’ थंडरबर्डची पत्रं ‘ॲपडेटा’ नावाच्या लपवलेल्या फोल्डरात असतात, ती त्याने उघडून पाहिलीच नव्हती. वर जुनं मशीन एक्स्चेंजमध्ये दिलं तर दीड हजार कमी करतो म्हणाला. मी दिलं नाही. माणसाची पत्रं कुठे आहेत हे न बघता डिस्क फॉरमॅटला घेणं हा माझ्या मते गुन्हा आहे, आणि त्या कामाचे बाराशे घेणं तर त्याहून वाईट. घरी एक जुना एसएमपीएस पडून होता, तो जोडला आणि मशीन पुन्हा चालू झालं.

मग भाचा आला. तो या क्षेत्रातला आहे, मनापासून बसला. म्हणाला, ‘मामा, नवीन थंडरबर्ड स्वच्छ टाकू, अकाउंट नव्याने बनवू आणि फक्त पत्रांच्या फायली उचलू. एमएसएफच्या फायली सोडून देऊ, त्या नुसत्या अनुक्रमणिका असतात, थंडरबर्ड परत तयार करतं.’ त्याचं म्हणणं बहुतेक लोकांच्या बाबतीत बरोबर आहे. थंडरबर्डमध्ये प्रत्येक फोल्डरची एक साधी मोठी फाइल असते, त्यात सगळी पत्रं एकाखाली एक लिहिलेली, आणि शेजारी त्याच नावाची एमएसएफ फाइल. ती उडाली तर फोल्डर उघडताना नवी बनते.

पण फोल्डरचं नाव देवनागरीत असेल तर गोष्ट वेगळी होते, आणि हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. माझ्या जुन्या मशीनवर थंडरबर्डने मराठी नावाची फाइल डिस्कवर बनवलेलीच नव्हती. नावाऐवजी आठ अक्षरांचा सांकेतिक क्रमांक टाकला होता आणि खरं नाव त्या एमएसएफमध्ये लिहून ठेवलं होतं. एमएसएफ मागे राहिली म्हणजे नाव मागे राहिलं. नव्या थंडरबर्डने अनुक्रमणिका इमानदारीत पुन्हा बनवली, पण नाव त्याला कुठून कळणार? म्हणून त्याने क्रमांकालाच नाव मानलं. ‘टॅक्स’, ‘बँक’ असे जे चार फोल्डर मी कधीतरी रोमन लिपीत केले होते, ते तसेच्या तसे आले. रोमनमध्ये लिहिणाऱ्याला हा प्रश्न सहसा पडत नाही, म्हणून तो कोणाच्या सूचनांतही नसतो. आपल्या भाषेत फोल्डरला नाव दिलं एवढ्यासाठी आपण शिक्षा भोगायची, याचा मला आजही राग आहे.

मार्चमध्ये मी या प्रोग्रामबद्दल फार वाईट मत करून बसलो होतो. ते पुढे बदललं, पण त्याआधी दुसऱ्या खेपेचं सांगतो.

एप्रिलच्या सुट्टीत जुनं मशीन परत लावलं. या वेळी ठरवलं, तुकडे न्यायचे नाहीत, अख्खं घर उचलायचं. हेल्पमध्ये ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन उघडलं की ‘प्रोफाइल फोल्डर’समोर तो उघडायचं बटण असतं. त्यातच पत्रं, एमएसएफ, पत्त्यांची वही, फिल्टर, पासवर्ड सगळं. टूल्समध्ये एक्स्पोर्टही आहे, पण प्रोफाइल २ जीबीच्या वर असेल तर ते स्वतःच हात वर करतं आणि हाताने प्रत काढा म्हणतं. माझं ९ जीबी होतं. थंडरबर्ड बंद करून अख्खा फोल्डर १६ जीबीच्या पेन ड्राइव्हवर टाकायला घेतला तर इनबॉक्सपाशी अडला. ड्राइव्ह रिकामा, तरी फाइल मोठी आहे म्हणून नाही घेत. फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या ड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसतच नाही, आणि माझी इनबॉक्स फाइल ४.६ जीबीची होती.

इनबॉक्समध्ये पत्रं एवढी नव्हती. डिलीट केलेली मेल दिसेनाशी होते पण फाइलमधून जात नाही, फोल्डरवर राइट-क्लिक करून कॉम्पॅक्ट म्हणेपर्यंत तिथेच पडून राहते. मी कॉम्पॅक्ट कधी केलं होतं ते आठवतही नव्हतं. केलं, वीस मिनिटं लागली आणि इनबॉक्स १.९ जीबीवर आली. कॉम्पॅक्टच्या आधी एक प्रत वेगळ्या डिस्कवर काढून ठेवा. मी काढली होती. मध्येच लाइट गेली तर काय, या धास्तीने मी ती वीस मिनिटं खुर्चीवरून उठलो नाही.

नव्या मशीनवर तो फोल्डर ‘प्रोफाइल्स’मध्ये ठेवला, थंडरबर्डच्या प्रोफाइल मॅनेजरमधून नवं प्रोफाइल बनवताना तोच फोल्डर निवडला आणि उघडलं. डाव्या बाजूला ‘आईचं आजारपण’ दिसलं. मग ‘गावची जमीन’, ‘ताईची पत्रं’, एकेक करत एकतीसच्या एकतीस. मी सौ.ला हाक मारून दाखवलं. २०१४ मध्ये ताई मेलवरून रोज आईची विचारपूस करायची, ती सगळी पत्रं त्या फोल्डरात आहेत. पत्त्यांची वही आली, फिल्टर आले, पासवर्डसुद्धा पुन्हा घालावा लागला नाही. एक लक्षात ठेवा, नव्या आवृत्तीने एकदा प्रोफाइल उघडलं की तेच प्रोफाइल जुन्या थंडरबर्डमध्ये परत न्यायचं नाही. म्हणून जुन्या मशीनवरची मूळ प्रत मी तशीच ठेवली आहे.

माझ्या हातून आणखी एक चूक झाली. जुनं मशीन एप्रिलमध्ये आठ दिवस चालू ठेवलं आणि तिथलं थंडरबर्ड आपोआप मेल उतरवत राहिलं. पॉप असल्याने काही पत्रं इकडे, काही तिकडे. विजेच्या बिलाची मेल जुन्या मशीनवर पडली आणि भरायची तारीख उलटून गेली. जुन्या मशीनवर प्रोग्राम उघडण्याआधी नेटची वायर काढा.

आता मत का बदललं ते. मे महिन्यात एक फोल्डर रिकामा दिसायला लागला. पूर्वी घाबरलो असतो. या वेळी त्याची फाइल थेट नोटपॅडमध्ये उघडली आणि पत्रं समोर दिसली. ‘फ्रॉम’, तारीख, विषय, ओळीमागून ओळ. कुठलं कुलूप नाही, कुठला विकत घ्यायचा कन्व्हर्टर नाही. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये रिपेअर दाबलं, अनुक्रमणिका पुन्हा बनली, पत्रं आली. फुकट मिळणाऱ्या प्रोग्रामने माझी पत्रं अशा साध्या फायलींत ठेवली, हे माझ्यासाठी फार मोठं आहे. पंधरा वर्षांनी थंडरबर्ड नसलं तरी त्या फायली कोणीतरी वाचू शकेल. पण मराठी पत्रांचा मजकूर तिथे बहुधा सांकेतिक अक्षरांत असतो. नोटपॅडमध्ये ‘आई’ शोधून काही सापडत नाही. ताईचा पत्ता शोधला तर सापडतो. इथेही मराठीला एक पायरी खालीच उभं केलंय.

भाचा म्हणाला, ‘मामा, नावं रोमनमध्ये करून टाका, कटकट संपेल.’ ते मला जमणार नाही. ‘आईचं आजारपण’ हे मी रोमनमध्ये लिहिणार नाही. त्याऐवजी मी प्रत्येक फोल्डरात स्वतःलाच पाठवलेली एक मेल ठेवली आहे. तिच्या विषयात फोल्डरचं नाव रोमन अक्षरांत आणि आत कधीपासूनची, कोणाची पत्रं आहेत ते दोन ओळींत. उद्या एमएसएफ हरवली आणि पुन्हा क्रमांकांची रांग उभी राहिली, तर फाइल नोटपॅडमध्ये उघडून विषयाची ती ओळ शोधली की कळेल हा कोणता फोल्डर. एकतीस मेल लिहायला दोन संध्याकाळ गेल्या. शेवटची ‘गावची जमीन’ची राहिली होती, ती काल टाकली, आणि एक्स्टर्नल डिस्कवर अख्ख्या प्रोफाइलची नवी प्रत काढून कपाटात ठेवली.