डेफरासिरॉक्स: पाण्यात ढवळायची गोळी बरी की गिळायची?

थॅलेसेमिया मेजर म्हणजे मुलाला सतत बाहेरचं रक्त चढवावं लागणारा आजार. अशा मुलांच्या अंगात साठलेलं लोह काढायला डेफरासिरॉक्स दोन रूपांत मिळतं. एक जुनी डीटी, म्हणजे पाण्यात ढवळून प्यायची गोळी. दुसरी फिल्म-कोटेड, सरळ गिळायची. अमेरिकेत पहिलीला २००५ मध्ये मंजुरी मिळाली, दुसरीला २०१५ मध्ये. आतलं औषध तेच. मूल गोळी गिळत असेल आणि तुमच्याकडे मिळत असेल, तर आमचं मत फिल्म-कोटेडच्या बाजूने. अट एकच: डीटीचा मिलिग्रॅमचा आकडा तिला तसाच लावायचा नाही.

रक्ताच्या एका पिशवीतून साधारण २०० मिलिग्रॅम लोह शरीरात जातं. शरीर स्वतःहून दिवसाला जेमतेम १ ते २ मिलिग्रॅम बाहेर टाकतं. उरलेलं यकृतात, हृदयात आणि ग्रंथींमध्ये साठत जातं. म्हणून दहा-वीस पिशव्या झाल्या, किंवा फेरिटिन, म्हणजे साठलेल्या लोहाचा अंदाज देणारा रक्तातला आकडा, १००० च्या वर गेलं, की चिलेशन, म्हणजे औषधाने लोह काढणं, सुरू करतात. डेफरासिरॉक्स २ वर्षांच्या पुढच्या मुलांना चालतं आणि दिवसातून एकदाच घ्यावं लागतं. ते लोह मुख्यतः शौचावाटे काढतं. त्यामुळे ‘लघवी लाल होत नाही, म्हणजे गोळी लागू पडत नाही’ ही शंका चुकीची आहे. लाल लघवी केल्फरची, म्हणजे डेफरिप्रोन या लोह काढणाऱ्या दुसऱ्या औषधाची खूण.

आता डीटी. कागदावर सोपी, हातात किचकट. रिकाम्या पोटी, खाण्याच्या किमान ३० मिनिटं आधी, रोज ठरलेल्या वेळी घ्यायची. डोस १ ग्रॅमच्या आत असेल तर १०० मिलिलिटर पाणी, १ ग्रॅम किंवा जास्त असेल तर २००. पाण्याऐवजी संत्र्याचा किंवा सफरचंदाचा रस चालतो. दूध किंवा सोडा नको, कारण त्यात फेस होतो आणि गोळी नीट पसरत नाही. ती साखरेसारखी विरघळतच नाही, पाणी पांढरट गढूळ होतं इतकंच. ढवळून लगेच प्यायलं नाही की भुकटी तळाशी बसते. स्टीलच्या पेल्यात हा साका दिसत नाही, म्हणून काचेचा ग्लास घ्या. पिऊन झालं की ग्लासात पुन्हा थोडं पाणी घालून खळखळवा आणि तेही पाजा. ‘गोळी चालू आहे पण फेरिटिन हलत नाही’ अशी तक्रार असेल तर आधी ग्लासाचा तळ बघावा. चव खडूसारखी, घशाला चरचरते. मुलं निम्मं पिऊन ग्लास सरकवतात, यात त्यांचा दोष नाही. शिवाय डीटीत लॅक्टोज असतं, ज्याला दूध पचत नाही त्याचं पोट बिघडू शकतं.

फिल्म-कोटेडमध्ये यातलं बरंचसं सुटतं. लॅक्टोज नाही, ढवळणं नाही. रिकाम्या पोटी किंवा हलक्या खाण्यासोबत चालते. हलकं म्हणजे सुमारे २५० कॅलरी आणि तूप-तेल नावापुरतं: दोन इडल्या चालतील. शिरा, तेलातले पोहे, उपवासाची साबुदाणा खिचडी नाही, कारण स्निग्ध खाण्याने रक्तात उतरणारं औषध वाढतं. गिळता येत नसेल तर कुटून दह्यासारख्या मऊ पदार्थावर घालून लगेच खाऊ घालता येते. डोस राहिला तर त्याच दिवशी आठवेल तेव्हा द्या, दुसऱ्या दिवशी दुप्पट देऊ नका.

घोळ होतो तो गोळी बदलताना. फिल्म-कोटेड जास्त शोषली जाते, म्हणून डोस साधारण ३० टक्के कमी लागतो. डीटी किलोमागे २० मिलिग्रॅमपासून सुरू होते आणि कमाल ४०. फिल्म-कोटेड १४ पासून, कमाल २८. गोळ्यांच्या भाषेत, डीटीची २५० म्हणजे फिल्म-कोटेडची १८० आणि ५०० म्हणजे ३६०. ३० किलोच्या मुलाला डीटी ७५० मिलिग्रॅम चालू असेल, तर बदलीत ३६० आणि १८० अशी एकेक, म्हणजे ५४०. तिथे ३६० च्या दोन दिल्या, तर तो डीटीच्या जवळपास १००० मिलिग्रॅमइतका डोस होतो. आकडा ७५० च्या आत दिसतो, म्हणून कुणाला खटकत नाही. रक्त चढवायच्या सरकारी डे-केअर केंद्रात साठ्यात असेल ती गोळी हाती पडते, दुकानदारही ‘तेच औषध आहे’ म्हणून दुसरी पट्टी देतो. दर वेळी पट्टीवर रूप आणि मिलिग्रॅम दोन्ही वाचा, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दोन्ही लिहून घ्या. मूल वाढतं, म्हणून वजनावरून डोसही पुन्हा मोजावा लागतो.

दोन्ही रूपांना तपासण्या सारख्याच. सुरू करण्याआधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्तचाचणी) दोनदा, पहिला महिना दर आठवड्याला, मग दरमहा. यकृताच्या चाचण्या पहिल्या महिन्यात पंधरवड्याने, नंतर दरमहा. लघवीतलं प्रोटीन दरमहा, डोळे आणि कान वर्षातून एकदा. फेरिटिन दरमहा बघतात, पण साध्या तापानेही ते उसळतं, म्हणून एका आकड्यावर न जाता तीन-चार महिन्यांचा कल बघतात आणि डोस ३ ते ६ महिन्यांनी बदलतात. ५०० च्या खाली गेलं तर गोळी थांबवण्याचा विचार करतात. हृदयातलं लोह मात्र फेरिटिनवरून कळत नाही, त्याला टी-टू-स्टार एमआरआय लागतो. त्यात २० मिलिसेकंदांच्या खाली म्हणजे लोह पोचलं, १० च्या खाली म्हणजे प्रकरण गंभीर. तिथे एकट्या गोळीवर विसंबण्याऐवजी डेस्फेरालचा पंप (लोह काढणारं औषध सुईवाटे हळूहळू देणारा), अनेकदा सोबत केल्फर, असा विचार होतो.

सुरुवातीला मळमळ, जुलाब, अंगावर पुरळ येतात. सौम्य पुरळ बहुधा आपोआप जातं. अॅल्युमिनियम असलेलं अॅसिडिटीचं औषध सोबत नको, आणि ब्रुफेनसारखी वेदनाशामकं मनाने देऊ नका, पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. काळी शौच झाली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

मुलाला ताप, उलट्या किंवा जुलाब लागले आणि पाणी पोटात ठरत नसेल, तर त्या दिवसाची गोळी देऊ नका आणि केंद्रात फोन करा. अंगातलं पाणी कमी असताना हे औषध मूत्रपिंडाला जड जातं. मूल नीट खाऊ-पिऊ लागलं, लघवी पूर्वीसारखी होऊ लागली आणि क्रिएटिनिन जागेवर आलं, की डॉक्टर सांगतील त्या डोसाने पुन्हा सुरू करा.