‘गोल्ड घेताय तर सकर लागतोच’ असं सांगून माझ्या वडिलांना फसवलं

गोल्डफिश घ्यायच्या विचारात असाल तर दुकानात जाण्याआधी हे वाचा. नाशिकमधल्या एका माशांच्या दुकानदाराने सव्वा महिन्यात माझ्या वडिलांकडून 11,000 रुपयांच्या वर काढले. टाकी, फिल्टर, मासे सगळं बाजारभावानेच दिलं. फसवलं ते सल्ल्यात. त्यामुळे दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, तर नाहीच, मलाही बरेच दिवस कळलं नाही की हे चुकून झालेलं नाही.

डिसेंबरमध्ये दादांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. फिरणं बंद, दिवसभर हॉलमध्ये बसून. लहानपणी त्यांच्या मामांकडे टाकीत सोनेरी मासे होते, ते त्यांना फार आठवायचे. म्हणून एका रविवारी भाऊ त्यांना घेऊन गेला. दुकानदार गोड बोलणारा. काका, बसा, चहा घ्या. दोन फुटी टाकी दाखवली आणि चार गोल्डफिश निवडून दिले: लाल टोपीचे दोन ओरंडा, एक काळा फुगीर डोळ्यांचा ब्लॅक मूर आणि एक लांबट अंगाचा शुबुनकिन. मग म्हणाला, “काका, गोल्ड घेताय तर सकर लागतोच. तो टाकी चाटून साफ ठेवतो, पाणी बदलायचं टेन्शन नाही.” दोन सकर, म्हणजे तोंडाने काचेला चिकटणारे मासे, दिले. टाकी भरलेली दिसावी म्हणून सहा टायगर बार्ब. आणि गुलाबी, हिरव्या, निळ्या पट्ट्यांचे सहा चमकते मासे, “हे खास कलरवाले” म्हणून. दुकान सोडताना हीटर, “नाशिकची थंडी आहे, 28 वर लावून ठेवा.”

दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत वाळू-दगड धरून जेमतेम 50 लिटर पाणी राहतं. फुगीर अंगाच्या एका गोल्डफिशलाच साधारण 75 लिटर हवं, पुढच्या प्रत्येकाला आणखी 40. त्या टाकीत अठरा मासे, तेही टाकी भरली त्याच संध्याकाळी.

तिसऱ्या दिवशी ब्लॅक मूर तळाशी बसला. एका ओरंडाच्या शेपटीची कड कात्रीने कापल्यासारखी दिसायला लागली. दादा दुकानात फोन करायचे, तो म्हणायचा, “नवी टाकी आहे काका, थोडे मासे जातातच.” मग निळं औषध. मग पिवळं औषध. मग मेलेल्याच्या जागी नवा गोल्डफिश, मग आणखी एक. दादा प्रत्येक वेळी वहीत लिहून ठेवायचे, कोणतं औषध किती थेंब, किती वाजता. ती वही माझ्याकडे आहे. शेवटच्या पानावर त्यांनी लिहिलंय, ‘माझंच काहीतरी चुकतंय.’

हे वाचलं त्या रात्री मी माहेरी राहिले. दोनच्या सुमाराला पाणी प्यायला उठले तर टाकीतून खळकन आवाज आला. मोबाइलचा टॉर्च मारला. दिवसा दगडामागे लपून बसणारा सकर ओरंडाच्या कुशीला तोंड लावून चिकटला होता. ओरंडा जोर लावून काचेला घासत होता, पण तो सुटत नव्हता. उजेडाने सकर निघाला तेव्हा खालची जागा दिसली. रुपयाच्या नाण्याएवढा भाग पांढुरका, खवले विस्कटलेले, मधे लाल रेघ. दादांनी ज्याला बुरशी समजून दहा दिवस औषध घातलं ती जखम हीच होती.

फिशरीजचा कोर्स केलेली माझी एक मैत्रीण आहे. तिला सकाळी फोटो पाठवले. ती टेस्ट किट घेऊनच आली. अमोनिया म्हणजे माशांच्या घाणीतून पाण्यात साठणारं विष. त्याच्या नळीतलं पाणी पिवळं राहायला हवं, ते गर्द हिरवं झालं. मग तिने टाकीसमोर बसून एकेक जोडी उलगडून सांगितली.

सकर लहान असताना शेवाळ खातो हे खरं. पण टाकीतलं शेवाळ संपलं आणि तो भुकेला राहिला की त्याला गोल्डफिशच्या अंगावरचा बुळबुळीत थर सापडतो. गोल्डफिश सुस्त, रात्री तळाशी विसावणारा, त्यामुळे आयताच मिळतो. तो थर म्हणजे माशाची कातडीवरची ढाल, ती गेली की कुठलाही जंतू आत शिरतो. आणि सकर विष्ठाही भरपूर टाकतो, म्हणजे टाकी साफ होत नाही, उलट जास्त घाण होते. दुकानात दोन-तीन इंचाचा दिसणारा हा मासा मोठेपणी एक-दीड फुटाचा होतो.

टायगर बार्बला लांब लोंबते पर दिसले की तो ते कुरतडतो, हा त्याचा स्वभाव आहे. ओरंडाला पळताही येत नाही. शिवाय बार्बला आणि त्या कलरवाल्यांना उबदार पाणी लागतं, गोल्डफिशला 18 ते 22 अंशांच्या आसपासचं गार. नाशिकच्या थंडीत गोल्डफिशला हीटर लागतच नव्हता. 28 अंशांच्या पाण्यात 18 अंशांच्या पाण्यापेक्षा जवळपास सहाव्या हिश्शाने कमी ऑक्सिजन मावतो, म्हणून ते सकाळी वर तोंड काढून धापा टाकायचे. आणि दादांना वाटायचं, खायला मागतायत.

कलरवाल्यांचं ऐकून मला बसल्या जागी मळमळलं. तो आपल्याच नद्यांमधला काचेसारखा पारदर्शक छोटा मासा. त्याच्या अंगात सुईने रंग टोचतात. टोचण्यात बरेच मरतात, जगतात त्यांचा रंग काही आठवड्यांत-महिन्यांत उतरतो. आमच्याकडच्या सहापैकी दोन तर आठवड्यातच दिसेनासे झाले होते, तोंडात मावेल ते गोल्डफिश गिळतो. उरलेल्यांच्या पट्ट्या फिक्या पडल्या होत्या. एकाच्या पाठीजवळ टोचल्याची गाठ मी स्वतः पाहिली.

गोल्डफिशमध्येही जोडी चुकली होती, हे मला सगळ्यात नवीन होतं. शुबुनकिन लांबट, चपळ, दाणा पडला की तोच संपवतो. ब्लॅक मूरला त्या फुगीर डोळ्यांनी नीट दिसत नाही, तो शोधेपर्यंत काही उरत नाही. लांबटांसोबत लांबट, फुगीरांसोबत फुगीर, आणि डोळ्यांनी अधू त्यांच्यासारख्यांसोबतच. गोल्डफिशला सोबत हवी असेल तर त्याच ठेवणीचा दुसरा गोल्डफिश द्यावा. तळ साफ करायला म्हणून कोरी (कोरीडोरस) किंवा बारका ऑटो (ऑटोसिंक्लस) हे छोटे मासे देतात, तेही नकोत. त्यांच्या परांना काटे असतात, गोल्डफिश गिळायला गेला की काटा घशात अडकून दोघंही मरू शकतात.

आणि नव्या टाकीत अमोनिया पचवणारे जिवाणू तयार व्हायला चार ते सहा आठवडे जातात. त्याआधी भरमसाट मासे घातले तर ते स्वतःच्याच घाणीत भाजून निघतात. निळ्या-पिवळ्या औषधाने ते थांबत नाही, पाणी बदलल्यानेच थांबतं.

मी दोन्ही सकर पिशवीत घालून दुकानात गेले. परत घ्या म्हटलं. “ताई, जिवंत वस्तूला गॅरंटी नसते.” मग हळूच, “नको असतील तर गोदावरीत सोडून द्या.” उजनीच्या जलाशयात हाच सकर माजलाय. मच्छीमारांच्या जाळ्यात चिलापी, रोहूऐवजी तो येतो, काटेरी अंगाने जाळी फाडतो आणि त्याला बाजार नाही. तो तिथे टाक्यांमधूनच पोचला. नदीत एकही सोडू नका, कृपा करून.

मी वाद घालत असतानाच एक जोडपं छोट्या मुलीला घेऊन आलं. मुलीने ओरंडाकडे बोट दाखवलं आणि हा माणूस माझ्याकडे पाठ करून त्यांना म्हणाला, “गोल्ड घेताय तर सकर लागतोच.” शब्दही तेच. दादांना विकताना त्याला माहीत नव्हतं असं मी तोवर धरून चालले होते. पण पाचच मिनिटांपूर्वी मी त्याला जखमेचा फोटो दाखवला होता. मी तोच फोटो त्या बाईंना दाखवला. ते न घेता गेले. तो माझ्यावर ओरडला, धंदा खराब करता म्हणून.

ग्राहक आयोगात जायचं ठरवलं तर हातात कागद नाही. दादांना त्याने आकडे लिहिलेल्या चिठ्ठ्या दिल्या होत्या, त्यावर ना दुकानाचं नाव ना तारीख. बिल न देणं हीच 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापार प्रथा आहे, आणि 5 लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर मी तक्रार नोंदवली आहे. मासे घेताना छापील बिल मागा, त्यावर माशांची नावं लिहून घ्या. बिल नाही म्हटलं तर तिथून निघा.

चारांपैकी एक ओरंडा वाचला. मैत्रिणीने टाकीतले बार्ब आणि उरलेले कलरवाले मासे तिच्या उबदार टाकीत नेले, हीटर बंद झाला, दादा दर तीन दिवसांनी अँटिक्लोरीन (नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवणारं औषध) घालून ठेवलेल्या पाण्याने थोडं पाणी बदलतात. कुशीवरचा डाग अजून आहे, पण खवले भरतायत. तीन फुटी टाकी घेऊन जिवाणू तयार झाल्यावरच त्याला दुसरा ओरंडा आणायचा, असं दादांनी वहीत तारीख घालून लिहिलंय.

सकर दोन्ही आमच्या गच्चीवर निळ्या पिंपात आहेत, काकडीचे काप खातात. त्यांचा काही दोष नाही. नाशिकमध्ये कोणाकडे चार फुटांच्या वरची टाकी आणि त्यात मोठे, दणकट मासे असतील तर सांगा, मी स्वतः आणून देते. गोल्डफिशच्या टाकीत टाकणार असाल तर मात्र देणार नाही.