शाळेतला मानसशास्त्रज्ञ व्हायचे असेल, तर कोणते प्रशिक्षण घ्यावे?

इंग्लंडमध्ये ‘शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ’ हे पदनाम कायद्याने संरक्षित असून, मानसशास्त्राच्या मान्यताप्राप्त पदवीनंतर तीन वर्षांची डॉक्टरेट केल्याशिवाय ते लावता येत नाही. आपल्याकडे या नावाने वेगळी नोंदणीच नाही. त्यामुळे महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यासमोर मुख्यतः दोन वाटा उरतात आणि त्यांतून मिळणारे काम बरेच वेगळे आहे.

पहिली वाट शालेय समुपदेशनाची. एनसीईआरटीची (राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद) मार्गदर्शन व समुपदेशनाची पदविका एका वर्षाची असते: सहा महिने दूरस्थ अभ्यास, तीन महिने प्रत्यक्ष वर्ग आणि शेवटचे तीन महिने कार्यानुभव. महाराष्ट्र व गोवा एनसीईआरटीच्याच भोपाळच्या प्रादेशिक शिक्षण संस्थेच्या कार्यक्षेत्रात येतात. सीबीएसईच्या माध्यमिक शाळांना समुपदेशक नेमणे बंधनकारक असल्याने या वाटेने नोकरी लवकर मिळू शकते.

दुसरी वाट भारतीय पुनर्वास परिषदेच्या (दिव्यांगांच्या पुनर्वसनाशी संबंधित अभ्यासक्रमांना मान्यता देणारी संस्था) मान्यतेची, म्हणजे चिकित्सा (क्लिनिकल) किंवा पुनर्वसन मानसशास्त्राची. परिषद 1992 च्या कायद्याने स्थापन झाली असून, तिच्या मान्यताप्राप्त अभ्यासक्रमानंतर केंद्रीय पुनर्वसन नोंदवहीत नाव लागते. येथे सावध राहावे, कारण दोन वर्षांचे एम.फिल. बंद होण्याच्या मार्गावर असून त्याच्या जागी नवे अभ्यासक्रम येत आहेत. प्रवेश घेण्यापूर्वी त्या संस्थेच्या त्या वर्षाच्या मान्यतेचे पत्र स्वतः पाहावे.

फरक एका मुलाच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. सातवीतला मुलगा तोंडी उत्तरे अचूक देतो, वहीत मात्र जोडाक्षरे तुटतात, वेलांट्या उलटतात, आणि घरी त्याला आळशी म्हटले जाते. ही विसंगती प्रथम टिपणे, शिक्षकांना व पालकांना समजावणे, त्याचा धीर खचू न देणे हे समुपदेशकाचे काम. त्याच्या बुद्धिमत्तेची व अध्ययन अक्षमतेची रीतसर चाचणी करून ज्यावर पुढे प्रमाणपत्र आणि परीक्षेतील सवलत अवलंबून राहते तो अहवाल देणे, हे दुसऱ्या वाटेने गेलेल्याचे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश झाल्यापासून या अहवालाचे वजन वाढले आहे.

म्हणूनच संस्था निवडताना शुल्कापेक्षा एक प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो: देखरेखीखाली आपण स्वतः किती मुलांची चाचणी घेणार, आणि त्यांत मराठी माध्यमाची किती असणार? कामत यांनी बिने यांच्या बुद्धिमत्ता चाचणीचे मराठी व कन्नड रूपांतर केले, मालिन यांनी नागपुरात भारतीय मुलांसाठी 1969 मध्ये बुद्धिमत्ता चाचणी सिद्ध केली. ही साधने केवळ पुस्तकातून शिकून हाताळता येत नाहीत, आणि चुकीने काढलेला एक आकडा मुलाला वर्षानुवर्षे चिकटून राहतो.

ज्यांना चाचणीपेक्षा प्रत्यक्ष वाचन-लेखन सुधारण्यात रस आहे, त्यांनी विशेष शिक्षणातील बी.एड.चा विचार करावा.

शिक्षकी सेवेत असलेल्यांना मी पदविकाच सुचवेन, कारण वर्गाची ओळख त्यांच्याकडे आधीच आहे. नुकतेच एम.ए. झालेल्यांनी, घरची परिस्थिती परवानगी देत असेल तर, दुसरी वाट धरावी. मात्र त्याआधी एक वर्ष एखाद्या शाळेत काढावे, कारण दवाखान्याच्या शांत खोलीत बसलेले मूल आणि साठ जणांच्या वर्गात मागच्या बाकावर बसलेले तेच मूल सारखे दिसत नाही.