बारा पुड्यांची चहापेटी: काय घ्यावे, काय सोडावे

निरनिराळ्या बारा चहांची एक नमुना-पेटी मी गेल्या महिन्यात ऑनलाइन मागवली आणि सलग तीन रविवार, दर वेळी चार पुड्या याप्रमाणे, आईबरोबर बसून चाखली. अशा पेट्या आता बरेच जण विकतात आणि आतला ऐवजही थोड्याफार फरकाने तोच असतो, म्हणून विक्रेत्याच्या नावापेक्षा पुड्यांविषयी लिहिणे मला अधिक उपयोगाचे वाटते. पेटीची किंमत १,४५० रुपये आणि प्रत्येक पुडीत १० ग्रॅम चहा. म्हणजे दोन ग्रॅमचा एक पेला साधारण २४ रुपयांना पडतो. कोपऱ्यावरच्या अमृततुल्यात एवढ्या पैशांत जवळजवळ दोघांचा चहा होतो, हे आईने पहिल्या घोटाआधीच सांगून टाकले होते.

पेटीत स्वाद न मिसळलेले चार चहा होते: दार्जिलिंगच्या पहिल्या आणि दुसऱ्या खुडणीचे दोन, आसामचा एक आणि निलगिरीचा एक. चीनचे दोन, म्हणजे जास्मिन आणि लॅपसांग सूचाँग. शिवाय अर्ल ग्रे, काश्मिरी कहवा, आंबा, चॉकलेट, गुलाब आणि शेवटी आपला गवती चहा, आले घातलेला. सोबतच्या पत्रकात सर्वांसाठी एकच सूचना आहे: उकळते पाणी, पाच मिनिटे. ही सूचना पाळू नये. हिरव्या चहावर उकळते पाणी ओतले की त्याचा कडवटपणाच तेवढा पेल्यात उतरतो, आणि घेणारा मात्र ‘ग्रीन टी आपल्याला मानवत नाही’ असे समजून बसतो. चहाची परीक्षा करण्याची जी आंतरराष्ट्रीय पद्धत आहे, तिच्यात १०० मिलिलिटर उकळत्या पाण्याला २ ग्रॅम पत्ती आणि सहा मिनिटे असे प्रमाण असते. पण ती परीक्षकांसाठी आहे, पिणाऱ्यांसाठी नव्हे. आम्ही १५० मिलिलिटरला २ ग्रॅम पत्ती घेतली; काळ्या चहाला तीन मिनिटे दिली आणि हिरव्यासाठी पाणी उकळल्यावर झाकण काढून पाच मिनिटे निवू दिले, मग दोन मिनिटांत गाळले. प्रत्येक चहा गरम, कोमट आणि पार निवलेला असा तीनदा चाखला, कारण गरम पेल्यात वाफेबरोबर येणाऱ्या वासाखाली बरेच काही खपून जाते, निवल्यावर ते लपत नाही. चाखताना भुरका मारावा लागतो. हवेबरोबर चहा जिभेवर सगळीकडे पसरावा म्हणून व्यावसायिक परीक्षकही तेच करतात. “लहानपणी ह्याच भुरक्यासाठी तुला किती वेळा दटावलं होतं,” असे आई म्हणाली आणि तिने स्वतःचा चहा बशीत ओतून घेतला.

दार्जिलिंगच्या दोन पुड्यांवर आमचा पहिला रविवार जवळजवळ सगळाच गेला. पहिली खुडणी हिवाळ्यानंतर, फेब्रुवारीअखेर ते एप्रिलच्या दरम्यान होते. ही पत्ती खुडल्यावर बरीच सुकवतात, त्यामुळे ती काळी म्हणवत असली तरी पुडी उघडताच तिच्यात हिरवी पाने दिसतात. चहाचा रंग इतका फिकट उतरला की आईने पेला उजेडाकडे धरून “झाला का?” असे विचारले. चव मात्र फिकट नव्हती: आधी ओल्या गवताचा वास, मग कोवळ्या बदामासारखे काहीतरी आणि शेवटी जिभेच्या कडांना किंचित तुरटपणा. दुध-साखरेच्या चहावर वाढलेल्या माणसाला हा चहा वाटायला दोन-तीन पेले तरी लागतात, असा माझा अनुभव आहे.

दुसरी खुडणी मे-जूनमधली, आणि माझ्या मते सगळ्या पेटीत हीच पुडी श्रेष्ठ. तांबूस रंग, आणि वासात पिकलेल्या द्राक्षांची जी गोडी असते तिला या व्यवसायात ‘मस्कटेल’ म्हणतात. ही गोडी वरून मिसळलेली नसते. त्या दिवसांत चहाच्या कोवळ्या पानांवर हिरवे तुडतुडे पडतात, पानांतला रस शोषतात, आणि त्या माऱ्याला उत्तर म्हणून झाड जी सुगंधी द्रव्ये तयार करते त्यांचा या चवीत मोठा वाटा असतो. विदर्भ-मराठवाड्यातल्या कापूस उत्पादकाला तुडतुडे म्हटले की फवारणी आठवते. त्यांच्याच भाऊबंदांमुळे दार्जिलिंगच्या चहाचा भाव वाढतो, हे ऐकून त्याला काय वाटेल कोण जाणे. निवल्यावरही या चहाची चव जराही ढळली नाही. तक्रार एकच, पण ती गंभीर आहे: पुडीवर ना मळ्याचे नाव आहे, ना खुडणीचे वर्ष. दार्जिलिंग चहाला २००४ मध्ये, देशात सर्वांत आधी, भौगोलिक मानांकन मिळाले ते त्याची ओळख जपली जावी म्हणूनच. ज्या चहाचे मोल मळा आणि महिना यांवर ठरते, त्याच्या पुडीवर नुसते ‘दार्जिलिंग’ असे छापणे म्हणजे हापूसच्या पेटीवर नुसते ‘आंबा’ लिहिण्यासारखे आहे.

आसामच्या चहाबद्दल थोडक्यात सांगता येईल. आपण रोज वापरतो ती दाणेदार पत्ती सीटीसी पद्धतीची. १९३०च्या सुमारास आसामात सुरू झालेल्या या पद्धतीत पान दातेरी रुळांमधून चिरडून, फाडून, वळवून काढतात, म्हणून ते झटपट रंग सोडते आणि दुधालाही पुरून उरते. पेटीतली पत्ती मात्र अखंड वळलेली होती. इंग्रजीत हिच्या चवीला ‘माल्टी’ म्हणतात, पण आईने एकाच घोटात तिचे नाव सांगितले: “नाचणीचं सत्त्व.” मोड आणून, वाळवून, भाजलेल्या नाचणीचा तो खमंग वास खरोखरच या चहात आहे. दोन चमचे दूध घातल्यावर तुरटपणा गेला आणि तो खमंगपणा उरला.

निलगिरीच्या पुडीवर मात्र अन्याय झाला, आणि तिथेच पेटीचा मुख्य दोष उघड झाला. हा चहा मुळात स्वच्छ आणि हलका असतो; आमच्या पेल्यात तो धुरकट लागला. कारण शोधायला लांब जावे लागले नाही. सर्व पुड्या साध्या कागदाच्या आहेत आणि निलगिरीला खेटून लॅपसांग ठेवलेला आहे. लॅपसांग हा चीनच्या फुजियान प्रांतातल्या वुयी डोंगरांमधला, पाइनच्या लाकडाच्या धुरावर वाळवलेला चहा. स्वतः तो झकास आहे, थंडीच्या दिवसांत बंबातल्या पाण्याला येणाऱ्या धुरकट वासाची आठवण करून देणारा. पण चहाचे पान भोवतालचा वास धरते, आणि म्हणूनच जाणती माणसे चहाचा डबा मसाल्यांच्या फळीवर ठेवत नाहीत. सुगंधी चहा शक्य होतो तोही पानाच्या याच गुणामुळे, त्यामुळे ते विकणाऱ्याने हे विसरावे याचे आश्चर्य वाटते.

जास्मिनच्या पुडीत हाच गुण नेमका कसा वापरतात ते चाखायला मिळते. हे जास्मिन म्हणजे आपला मोगराच. दुपारी खुडलेल्या कळ्या रात्री उमलू लागल्या की त्या हिरव्या चहाबरोबर एकत्र पसरतात, पान रात्रभर वास पिते, मग फुले काढून टाकून पान पुन्हा वाळवतात, आणि चांगल्या चहासाठी हे कित्येक रात्री नव्या कळ्या घेऊन करतात. पुडीत एकही पाकळी नव्हती. ती उणीव मानू नये. ओल्या रुमालात बांधून ठेवलेला गजरा सकाळी सोडावा तसा वास पेल्यातून आला, आणि पेला पार निवल्यावरही तो घोटात तसाच होता.

याच कसोटीवर इतर स्वादांचे चहा लावले तेव्हा त्यांची पंगत आपोआप लागली. अर्ल ग्रे उत्तीर्ण झाला. बर्गमॉट या लिंबाच्या जातीच्या फळाच्या सालीचे तेल त्यात असते, आणि ईडलिंबाची साल नखाने खरवडल्यावर येतो तसा तो चुणचुणीत वास काळ्या चहाच्या तुरटपणाशी जुळतो. गुलाबाची पुडी दिसायला सर्वांत देखणी, म्हणून मी त्यातल्या पाकळ्या चिमट्याने वेचून वेगळ्या वाटीत भिजवल्या. दहा मिनिटांनी वाटीत फिकट पाणी होते आणि त्याला वाळल्या पाल्याचा वास होता. गुलाबाचा वास सगळा पानांवर फवारलेल्या स्वादाचा होता, पाकळ्या केवळ शोभेच्या. चॉकलेटमध्ये चहा शोधावा लागला. आंब्याची पुडी उघडताच खोलीभर आंबा दरवळला, पण पेल्यात आंबट-कडवट पाणी उतरले आणि निवल्यावर तर ते लहान मुलांच्या खोकल्याच्या औषधासारखे लागले.

कहव्याने थोडी फसवणूक केली. हिरवा चहा, दालचिनी, वेलची आणि बदामाचे काप हे सर्व ठीक होते. केशर म्हणून जे लाल-पिवळे तंतू भरपूर दिसत होते त्यांतले बहुतेक करडईच्या पाकळ्या निघाल्या, आणि खऱ्या केशराच्या काड्या मोजून दोन. घटकांच्या यादीत करडईचा उल्लेख आहे, पण तो शेवटी आणि बारीक अक्षरांत. पुडीच्या दर्शनी बाजूवर मात्र केशराचे मोठे चित्र आहे. घरच्या चार काड्या टाकल्यावर कहवा छान झाला, हेही नमूद करायला हवे.

गवती चहाची पुडी आम्ही मुद्दाम शेवटी ठेवली होती. गवती चहा हे गवतच, चहाच्या झाडाशी त्याचे नाते फक्त पातेल्यातले. आणि वाळवून बारीक कातरल्यावर त्याचा लिंबासारखा ताजा वास बराचसा उडून जातो. आईने गॅलरीतल्या कुंडीतले एक लांब पाते कापले, त्याला गाठ मारली आणि ठेचलेल्या आल्याबरोबर पाण्यात टाकले. आले चांगले उकळेपर्यंत तिने दुधाला हात लावला नाही, कारण कच्च्या आल्याने दूध फाटते. पुडीतला पेला आणि तिचा पेला शेजारी ठेवून चाखण्याची गरजच पडली नाही. तिचा चहा उकळू लागला तेव्हाच निकाल लागला होता.

ही पेटी मी पुन्हा घेणार नाही. दुसऱ्या खुडणीचे दार्जिलिंग मळ्याचे नाव आणि वर्ष छापलेल्या डब्यातून ५० ग्रॅम घेईन, जास्मिन घट्ट झाकणाच्या डब्यातून घेईन, आणि लॅपसांग घेतला तर त्याला इतर चहांपासून लांब, वेगळ्या कपाटात ठेवीन. बाकीच्या पुड्या संपल्या, फक्त आंब्याची तेवढी उरली आहे. आईने ती साड्यांच्या कपाटात ठेवली आहे, आणि तिथे तिचा वास उत्तम टिकला आहे.