औषधाचं मोजमाप: एचपीएलसी घ्यावं की कॅपिलरी इलेक्ट्रोफोरेसिस?

गोळीत औषध किती मिलिग्रॅम आहे एवढंच रोज मोजायचं असेल, तर एचपीएलसी (नमुना द्रावकासोबत जास्त दाबाने कॉलममधून ढकलून घटक वेगळे करणारी पद्धत) सोडू नका. कॅपिलरी इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे केसासारख्या बारीक नळीत (कॅपिलरीत) विद्युतदाबाने घटक वेगळे करणारं सीई, मला जास्त आवडतं. तरीही हे आधीच सांगून टाकतो.

अडचण नमुन्याच्या आकारापासून सुरू होते. एचपीएलसीत साधारण 10 ते 20 मायक्रोलिटर नमुना जातो, सीईत जेमतेम काही नॅनोलिटर. त्यात किंचित फरक पडला तरी पीकचं (आलेखावरच्या उंचवट्याचं) क्षेत्रफळ हलतं, आणि औषधाचं प्रमाण त्यावरूनच काढतात. शिवाय कॅपिलरीच्या आतल्या भिंतीची अवस्था बदलली की इलेक्ट्रोऑस्मोटिक प्रवाह (विद्युतदाबाने नळीतलं सगळं द्रावण सरकवणारा) बदलतो आणि पीकची वेळ सरकते. म्हणून इंजेक्शनच्या आधी सोडियम हायड्रॉक्साइडने धुणं आलं, इंटर्नल स्टँडर्ड (तुलनेसाठी नमुन्यात ठराविक मात्रेत घातलेला पदार्थ) आलं. क्षेत्रफळाला मायग्रेशन टाइमने (डिटेक्टरपर्यंत पोचायला लागलेल्या वेळेने) भागायचंही असतं, कारण हळू सरकणारा पदार्थ डिटेक्टरसमोर जास्त वेळ राहतो आणि उगाच मोठा दिसतो. (नवखी मंडळी नेमकं हेच विसरतात.)

संवेदनशीलतेतही सीई मागे. यूव्ही प्रकाशाला एचपीएलसीच्या सेलमध्ये सहसा 10 मिलिमीटर वाट मिळते, 50 मायक्रोमीटरच्या कॅपिलरीत तिच्या दोनशेव्या हिश्शाएवढी. अत्यल्प अशुद्धी शोधताना हे जाणवतं.

मग सीई घ्यायचं कशासाठी? कायरल औषधांसाठी (ज्यांचे रेणू एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमेसारख्या दोन रूपांत असतात), हे माझं पहिलं उत्तर. एचपीएलसीत एक महागडा कायरल कॉलम जमला नाही की दुसरा आणा. सीईत बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) वेगळं सायक्लोडेक्स्ट्रिन (ही दोन रूपं वेगळी करणारा, कड्यासारखा शर्करा-रेणू) घाला, पुन्हा चालवा. एका दुपारी चार-पाच प्रकार तपासून होतात. सोडियम, क्लोराइडसारखे प्रतिआयन (औषधाच्या क्षारातले जोडीदार आयन) आणि अँटिबॉडीची औषधं इथेही सीई सरस. 2008 मध्ये हेपारिन या रक्त गोठू न देणाऱ्या औषधामधली अतिसल्फेटित कॉन्ड्रॉइटिनची भेसळ नेहमीच्या चाचण्यांतून निसटली होती. ती पकडायला एनएमआरच्या (चुंबकीय क्षेत्रात रेणूची रचना ओळखणाऱ्या पद्धतीच्या) जोडीला सीईच वापरलं गेलं.

द्रावकांचा खर्चही बघा: मिनिटाला 1 मिलिलिटरने एचपीएलसी आठ तासांत जवळपास अर्धा लिटर मोबाइल फेज (कॉलममधून वाहणारं द्रावक) संपवतं, सीईला काही मिलिलिटर बफर पुरतं. फक्त त्या कुप्या वेळच्या वेळी बदला. विद्युत अपघटनाने बफरचा पीएच सरकतो आणि सकाळी छान सुटे आलेले पीक संध्याकाळी एकमेकांत मिसळतात.

औषधाच्या रेणूवर विद्युतभारच नसेल तर साधं सीई कामाचं नाही. 1984 मध्ये तेराबे आणि सहकाऱ्यांनी बफरमध्ये साबणासारखा एसडीएस घालून (त्याच्या विद्युतभारित पुंजक्यांत औषधाचे रेणू कमी-जास्त शिरतात आणि वेगळे होतात) त्यावर तोड काढली, पण तिथवर जायची वेळ आली तर मी आधी कॉलमच लावून बघतो.