मेसची इमारत तपासायची कशी : प्रश्नावली की प्रत्यक्ष पाहणी?

वसतिगृहाच्या मेसची इमारत मुलांना कितपत सोयीची आहे, हे पाहायचे दोन मार्ग. पहिला, प्रश्नावली. १९३२ साली रेन्सिस लिकर्ट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने मांडलेली ‘पूर्ण सहमत ते पूर्ण असहमत’ ही मोजपट्टी आजही चालते. एका दिवसात ढीगभर उत्तरं मिळतात. पण पोरं चिडलेली असतात पातळ वरणावर आणि गुण कापतात इमारतीचे.

दुसरा मार्ग, जेवणाच्या वेळी दोन तास तिथे उभं राहायचं. आमच्या मेसमध्ये तसं केलं तेव्हा कळलं, की पाण्याचा कूलर वाढपाच्या रांगेतच आहे. एका हातात भरलेलं ताट, दुसऱ्यात पेला, समोरून खरकटं घेऊन येणारा. तिथली फरशी कायम ओली. हे कुणीही लिहून दिलं नव्हतं. रोजचं झालं की दिसेनासं होतं. विल्यम व्हाइट या शहरांच्या अभ्यासकाने १९७०च्या दशकात न्यूयॉर्कचे चौक कॅमेरे लावून असेच पाहिले होते.

उकाड्याचा त्रास मात्र विचारूनच कळतो. आणि ज्यांनी मेसला येणंच सोडलं, ती मुलं उभं राहून दिसणार कशी? त्यांच्यासाठी प्रश्नावली हवीच. तरी सुरुवात मी बघण्यापासून करेन. कूलर कुठे हवा, हा प्रश्न एरवी आम्हाला सुचलाच नसता.